सरळ रस्त्यांच्या काउंटीतलं वळण

चर्चच्या वार्षिक जेवणाची बदकं ज्या भांड्यात भाजली जायची, त्याच भांड्यात व्हर्लिन कुबिचेकने एका शनिवारी सकाळी गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचं तेल काढलं.

चूक तशी साधी होती. डार्लाच्या गॅरेजात फळीवर दोन भांडी होती. एक काळं, पत्र्याचं, तेलासाठीच ठेवलेलं. दुसरं निळ्या एनॅमलवर पांढरे ठिपके असलेलं, झाकणाचं, तीन बदकं सहज मावतील एवढं. व्हर्लिनचा हात वर गेला तेव्हा त्याचं मन भलतीकडेच होतं. तो मनातल्या मनात एका वळणातून बाहेर पडत होता. वळण संपेपर्यंत अ‍ॅक्सलच्या झाकणाचे बोल्ट ढिले झाले होते आणि जुनं गिअर ऑइल काकवीसारखं संथ, जाड धारेने ठिपक्यांच्या भांड्यात उतरत होतं. हे तेल ज्याने एकदा हुंगलंय त्याला वर्णन नको. बाकीच्यांनी सडकी अंडी आणि नुकतीच विझलेली काडी एकत्र आठवावी, आणि हा वास कपड्यांतून महिनाभर जात नाही हेही ध्यानात ठेवावं.

डार्ला कॉफीचा मग घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"व्हर्लिन."

"हं."

"ते काय आहे?"

"तेल."

"तेल आहे ते नाकाला कळलं. कशात आहे, ते विचारतेय मी."

व्हर्लिनने गाडीखालून मान काढून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जणू ठिपके मोजले की ते कमी होणार होते.

"धुऊन देतो," तो म्हणाला.

"धुऊन! पुढच्या रविवारनंतर लगेच जेवण आहे चर्चचं. फादर पहिला घास घेतील आणि विचारतील, हे बदक कुठल्या गाडीखाली आलं?"

"नवीन आणून देतो मग."

"हे माझ्या आत्याचं होतं. नवीन कुठून आणशील? आत्यासुद्धा नवीन आणणार आहेस का?"

गॅरेज डार्लाचं होतं. पूर्वी ते दोघांचं होतं. घटस्फोट झाला तेव्हा न्यायाधीशांनी घर डार्लाला दिलं, बोट व्हर्लिनला दिली (जवळचं पाणी दीड तासावर), आणि कुत्रा आपल्या मनाने शेजाऱ्यांकडे गेला. राहिली गाडी. गडद हिरवी कमॅरो, मागच्या चाकांवर पळणारी, दोघांनी मिळून घेतलेली आणि दोघांनीही शर्यतीत चालवलेली. न्यायाधीशांच्या जेवणाची सुट्टी जवळ आली होती. न्यायाधीश म्हणाले, अर्धी-अर्धी. तेव्हापासून गाडी अर्धी-अर्धी होती. गाव हसायचं. कुणी विचारायचं, "पुढची अर्धी कुणाची?" डार्ला सांगायची, "स्टिअरिंग माझं, वास त्याचा."

आज मात्र ती हसली नाही. कॉफीचा मग खाली ठेवून ती म्हणाली, "ऐक. किर्नी गावच्या त्या खतवाल्याचा परत फोन आला होता. त्याला गाडी हवीये. अख्खी. मी हो म्हटलं तर विकावी लागेल. माझा अर्धा भाग घ्यायची तुझी ऐपत आहे का?"

त्याची ऐपत काउंटीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. त्याचा पगार काउंटीच द्यायची.

"मला कंटाळा आलाय रे," डार्ला म्हणाली. "दर वर्षी तेच. वळणातून बाहेर पडताना पाय दिला की आतलं चाक नुसतं गरगर फिरतं, धूर काढतं, आणि गाडी जागच्या जागी. जे चाक काहीच काम करत नाहीये, सगळा जोर त्यालाच! असं घर मी चालवून पाहिलंय. आता गाडी तरी नको."

"म्हणून तर हा नवा बसवतोय," व्हर्लिन म्हणाला आणि कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट केलं.

"बसव. पुढच्या रविवारच्या शर्यतीत शेवटचं बघते. गाडी लंगडली, तर सोमवारी किर्नीला फोन."

एवढं बोलून ती दुसरं भांडं मागायला चर्चच्या बायकांकडे निघून गेली. वास मात्र तिच्याबरोबर गेला असणार, कारण नंतर कळलं की तिथे सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.

खोक्यात होता तो लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. आमच्याकडे तो समजावून सांगायचा तर सोकोल या आमच्या चेक मंडळाच्या हॉलमधला पोल्का नाच आठवावा. जोडी नाचत नाचत हॉलच्या कोपऱ्यावर वळते तेव्हा बाहेरच्या अंगाला असतो त्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात, आतल्याला आखूड. दोघांची पावलं वेगळी पडू देणं हे साध्या डिफरन्शियलचं काम. पण सांडलेल्या बिअरवरून आतल्याचा पाय घसरला, की तो एकटाच गरागरा फिरतो आणि बाहेरचा खांबासारखा उभा राहतो. नव्या डिफरन्शियलमध्ये एकमेकींना दाबून बसलेल्या पातळ चकत्या असतात. पावलं वेगळी पडू देतात, पण हात सोडत नाहीत. एक घसरला तर दुसरा त्याला ओढून नेतो. बस, एवढंच. एवढंच आयुष्यात जमत नाही, म्हणून माणसं ते विकत घेऊन गाडीत बसवतात.

व्हर्लिनची नोकरी काउंटीच्या ग्रेडरवर. खडीचे रस्ते घासायचे, खड्डे भरायचे, पात्याने खडी मधे ओढायची. ग्रेडर माणसाच्या चालीने चालतो. आणि आमच्या काउंटीतले रस्ते सर्व्हेअरने पट्टी घेऊन आखलेले. मैलावर एक उभा, मैलावर एक आडवा. इथे माणूस जन्मतो, शाळेत जातो, लग्न करतो, दफनभूमीत जातो, आणि या सगळ्यात त्याला स्टिअरिंग काटकोनातच फिरवावं लागतं. व्हर्लिन त्या सरळ रस्त्यांवर दिवसभर बसून वळणांची स्वप्नं बघायचा. पुढे पात्याखालून खडीची वेणी निघत राहायची, मक्याची कोवळी पानं दोन्ही बाजूंनी मागे सरकायची, तारेवरचा पिवळ्या छातीचा पक्षी गळा काढून गायचा, आणि व्हर्लिन कधी उताराच्या, कधी चढत्या, कधी शेवटाला आवळत जाणाऱ्या वळणांतून सावकाश निघत असायचा. वाऱ्याने गवत वाकलं तरी त्याला वाटायचं, हे डावं वळण, जरा लांबट. ढगांच्या कडांमध्येही तो रस्ता शोधायचा.

एकदा तर हे स्वप्न पात्यात उतरलं. झाईचेकच्या शेतापलीकडच्या मैलात त्याने खडी अशी काही ओढली, की रस्ता नकळत पोट काढून वळला. फार नाही, हातभर. म्हाताऱ्या झाईचेकने काउंटीला फोन केला, "माझ्या जेवणाच्या टेबलावरून रस्ता वाकडा दिसतोय. मला घास गिळवत नाही." व्हर्लिनने जाऊन रस्ता सरळ केला. सरळ करताना त्याचा चेहरा, झाईचेकच्या म्हणण्याप्रमाणे, कुणाच्या तरी अंत्यविधीला आल्यासारखा होता.

आमच्याकडची वळणं वर्षातून थोडेच रविवार भेटतात. युद्धाच्या काळातली विमानांची एक जुनी धावपट्टी आहे, आता गव्हाच्या मधोमध पडलेली. तिच्यावर नारिंगी शंकू मांडून वाट आखतात आणि एकेक गाडी एकटी त्या वाटेने पळते. मिनिटभराचा खेळ. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. कुणाचा धक्का लागत नाही, कुणी मागे लागत नाही. फक्त तू आणि वळणं. संध्याकाळी शंकू गोळा केले की वाटही नाहीशी होते. व्हर्लिनला हेच आवडायचं. दर वेळी नवी, आणि मागे काही नाही.

त्या शनिवारी आणि रविवारी तो गाडीखालीच होता. त्याला घाई नव्हती; खरं म्हणजे ते काम संपूच नये असं त्याला वाटत होतं. चाकं काढली, अ‍ॅक्सलचे दांडे बाहेर ओढले, जुना डिफरन्शियल दोन हातांनी पोटाशी धरून बाळासारखा खाली घेतला. दात्यांच्या मोठ्या चक्राचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. तिथे भले भले चुकतात, पण तिथे तो चुकला नाही. बेअरिंगच्या टोप्या डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, खडूने खूण करून ठेवल्या. नवा बसवला. मग दात्यांना पिवळी पेस्ट फासली आणि चक्र हाताने सावकाश फिरवलं. दाते एकमेकांना कुठे भेटतात याचा ठसा त्या पिवळ्यावर उमटतो. ठसा मधोमध उमटला होता, पापणीच्या आकाराचा. व्हर्लिन तिथेच आडवा पडून त्या ठशाकडे पाहत राहिला. उघड्या दारातून ऊन आत येऊन त्याच्या बुटांपर्यंत आलं आणि परत गेलं.

रविवारी दुपारी त्याने झाकण लावलं, तेल भरलं, आणि तेलात औषधाची छोटी बाटली पिळली. चकत्यांनी फार आवळून धरू नये, संथ वळताना कुरकुरू नये, म्हणून हे औषध घालतात. मग हात पुसून, ठिपक्यांचं भांडं चौथ्यांदा घासून, तो आपल्या भाड्याच्या खोलीवर गेला.

नव्या डिफरन्शियलला आधी रुळवावं लागतं. मोकळ्या जागेत गाडी संथ चालवत इंग्रजी आठ काढायचे. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, चकत्यांची एकमेकींशी ओळख होईपर्यंत. सोमवारी काम सुटल्यावर व्हर्लिन गाडी घेऊन धान्याच्या कोठारापुढच्या पटांगणावर आला. डार्ला तिथेच काट्यावर काम करायची. धान्याचे ट्रक काट्यावर चढायचे, ती खिडकीतून वजन घ्यायची. त्या वेळी ट्रक नव्हते. कोठाराच्या उंच पांढऱ्या नळकांड्यांची सावली पटांगणभर पडली होती आणि सावलीत गव्हाचा भुसा तरंगत होता.

व्हर्लिनने पहिला आठ काढला. मग दुसरा. गाडी सावलीतून उन्हात यायची, उन्हातून सावलीत जायची. आधी त्याने कान टवकारून ठेवले होते, पण आवाज नाही. ना कुरकुर, ना खडखड. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी वळत होती. हळूहळू त्याचं भान सुटलं. काचेपुढून कोठार जायचं, मग रेल्वेचा रूळ, मग आकाश, मग डार्लाची खिडकी. पुन्हा कोठार, पुन्हा रूळ. जणू तो स्थिर होता आणि गावच त्याच्याभोवती हलक्या पावलांनी नाचत होतं. एका फेरीत खिडकीत डार्ला दिसली, हनुवटीवर हात ठेवून. पुढच्या फेरीत ती नव्हती. त्याच्या पुढच्या फेरीत ती पटांगणाच्या कडेला येऊन उभी होती.

त्याने काच खाली केली, पण गाडी थांबवली नाही. जवळून जाताना एक वाक्य बोलून व्हायचं, पुढचं वाक्य पुढच्या फेरीला.

"आवाज करतेय का?"

फेरी.

"अजिबात नाही!"

फेरी.

"मग बरं आहे."

फेरी.

"मीच बसवलाय म्हटल्यावर!"

तिने फक्त जमिनीकडे पाहिलं. व्हर्लिनला वाटलं, कौतुक करायला शब्द सापडत नसतील. असा समज करून घ्यायला माणूस एकतर नवरा असावा लागतो किंवा नुकताच सुटलेला.

शर्यतीच्या रविवारी वारा पडला होता. धावपट्टीच्या सिमेंटमधल्या भेगांतून गवत उगवलं होतं आणि चहूबाजूंनी गहू असा उभा होता की जणू तोही बघायलाच आलाय. शेवटचं वळण यावेळी अगदी उलट फिरणारं मांडलं होतं. गाडी गेली तशीच परत तोंड करून बाहेर पडायची. व्हर्लिनने सकाळी पायी फिरून ते पाहिलं आणि त्याला ते इतकं आवडलं की तो तिथे जरा बसूनच राहिला. शंकू मांडणारे म्हणाले, "कुबिचेक, उठ. तुला शंकू समजून कुणीतरी दोन सेकंद घेईल."

पहिली फेरी डार्लाची. सुरुवात चांगली झाली. मग ते शेवटचं वळण आलं, तिने पाय दिला, आणि आतलं चाक गरगरलं. एका बाजूने निळसर धुराचा लोट उठला. गाडी जागच्या जागी कण्हली आणि मग लंगडत बाहेर पडली. सिमेंटवर काळा पट्टा उमटला, एकच.

डार्लाने गाडी आपल्या जागेवर आणून उभी केली. हेल्मेट काढलं नाही.

"तसंच," ती म्हणाली.

"थंड असेल अजून. मी बघतो."

व्हर्लिन गेला आणि तेच झालं. तोच धूर, तेच लंगडणं. परत येताना त्याच्या कानात वाऱ्यासारखं काहीतरी वाजत होतं. त्याने गाडी उचलून लोखंडी स्टँडांवर चढवली, खाली सरकला, झाकणाला हात लावला. झाकण गरम होतं. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. सगळं पुन्हा डोळ्यांसमोरून गेलं: दांडे, टोप्या, उलटे आटे, पिवळा ठसा. कुठेतरी तो चुकला होता. मोठ्या भांड्यात चुकणारा माणूस छोट्या चकतीत चुकणार नाही कशावरून?

"मी काहीतरी उलटं बसवलंय," तो गाडीखालूनच म्हणाला.

वरून हेल्मेटचा पट्टा सुटल्याचा आवाज आला.

"कर उद्या फोन किर्नीला. मी सही करीन."

गाडीखालून त्याला डार्लाचे फक्त बूट दिसत होते. ते दूर गेले. थांबले. परत आले. मग ती चक्क सिमेंटवर बसली. तिच्या हातात कोलाची, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव होता आणि ती न खाताच त्याचा चुरा करत होती.

"व्हर्लिन, तू औषध घातलं होतंस?"

"कसलं?"

"चकत्यांचं. छोट्या बाटलीतलं."

"हो. अख्खी बाटली."

"कधी?"

"तेल भरलं तेव्हाच. रविवारी दुपारी. का?"

बूट जरा हलले.

"मीपण घातलं," डार्ला म्हणाली.

व्हर्लिन बाहेर सरकला. त्याच्या कपाळावर तेलाचा टिळा लागला होता. "तूपण म्हणजे?"

"संध्याकाळी. तू गेल्यावर. दुकानातून मीच आणलेली बाटली होती. वाटलं, हा विसरला असणार. ज्याला बदकाचं भांडं ओळखता येत नाही..."

"मला विचारायचं ना!"

"विचारलं असतं तर तू तीन दिवस फुगून बसला असतास. 'माझ्यावर विश्वास नाही' म्हणून. मला सवय आहे तुझ्यामागून गुपचूप नीट करायची. वीस वर्षं केलंय."

ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. व्हर्लिनने सही करायचं कबूल केलं होतं, किर्नीवाला वाट बघत होता, आणि दोष सगळा त्याच्या हातांवर गेला असता, नेहमीसारखा. हे तिला कळत होतं. त्यालाही कळलं. त्यांच्या घरात मोडलेल्या गोष्टी आपोआप दुरुस्त व्हायच्या. डार्ला सांगायची नाही आणि व्हर्लिन विचारायचा नाही. गळणारा नळ एक दिवस गळायचा थांबायचा आणि तो समजायचा, नळ शहाणा झाला. डार्लाने केलेली दुरुस्ती तिच्या तोंडून त्याने आज पहिल्यांदाच ऐकली. फुगून बसायला ही जागा उत्तम होती. पण फुगायचं कसं तेच त्याला आठवेना.

"म्हणजे दोन बाटल्या," तो म्हणाला.

"दोन."

"म्हणूनच आवाज नव्हता. आठ काढताना."

"मला तेव्हाच शंका आली होती. नवा डिफरन्शियल थोडा तरी कुरकुरतो. मग तू म्हणालास, मीच बसवलाय म्हटल्यावर. मग मी कशाला बोलू?"

व्हर्लिनने डिकीतून तेलाची रिकामी बाटली काढली. लांब धरली, जवळ धरली, आणि शेवटी डार्लापुढे केली. "मागचं बारीक वाच जरा. माझा चष्मा घरी आहे."

डार्लाने वाचलं. मग तिने डोळे मिटले.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, औषध आधीच मिसळलेलं आहे. वेगळं घालू नये."

त्या बिचाऱ्या चकत्यांना कारखान्याने एकदा, व्हर्लिनने एकदा आणि डार्लाने एकदा असं तिघांनी मायेने न्हाऊ घातलं होतं. आता त्या एकमेकींना धरणार कशा? निसटत होत्या, साबणाच्या वड्यांसारख्या. आधी डार्ला हसली. ती हसली म्हणजे खांदे हलतात, आवाज मागाहून येतो. मग व्हर्लिन हसला. शेजारच्या गाडीवाल्याने विचारलं, "जिंकलात की काय?"

"नाही," डार्ला म्हणाली, "फार काळजी घेतली."

आता हवं होतं साधं तेल, काहीही न मिसळलेलं. ते क्लेटन रासमुसनकडे असणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं. क्लेटन ऐंशीच्या घरातला, छोट्या पांढऱ्या गाडीचा, आणि त्याच्या डिकीत आरशापासून टाक्यांच्या सुईपर्यंत सगळं असायचं. तो घडीच्या खुर्चीत बसून बाकीच्यांच्या चुका मोजत असे. स्वतःची एकही त्याला आठवत नसे.

"साधं ना? आहे," तो म्हणाला. "दोन बाटल्या. हातपंपही घ्या. पण काय झालं काय?"

"औषध जास्त झालं," व्हर्लिन म्हणाला.

"कुणी घातलं?"

"दोघांनी," दोघंही एकदम म्हणाले.

"अरे वा," क्लेटन म्हणाला. "लग्नात असताना असं एकमत झालं असतं तर मला याच्या वाट्याला आलेल्या त्या बोटीचं कौतुक ऐकावं लागलं नसतं." डार्लाने पर्स उघडली तसा त्याने हात वर केला. "पैसे नकोत. तेलाच्या बदल्यात तेल. तसलंच."

भरायच्या भोकातून पंपाने जुनं तेल ओढून काढलं, साधं भरलं. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने नळी धरायची. नळी व्हर्लिनने धरली होती आणि वास पुन्हा एकदा त्याच्या बाहीत गेला, पण यावेळी भांडं कुठलं आहे ते डार्लाने स्वतः पाहून दिलं. चकत्यांना लागलेलं औषध काही एवढ्याने निघणार नव्हतं. पण थोडं तर हवंच असतं. झाकणं लागेपर्यंत ध्वनिक्षेपकावरून शेवटची हाक झाली. त्यांच्या गाडीला एकच फेरी मिळणार होती.

"पाळी तुझी आहे," डार्ला म्हणाली.

व्हर्लिन शेवटच्या वळणाकडे बघत होता. "तिथे शंकू उचलायला माणूस कमी पडतोय म्हणे. मी जातो."

"उपकार करू नकोस माझ्यावर."

"उपकार कसला? मी आयुष्यभर ते आतून बघितलंय. एकदा बाहेरून बघू दे."

तो चालत वळणावर गेला. मागे गाडी सुरू झाली, रांगेतून हळू वळली, आणि तिच्या पोटातून आवाज आला: कुर्र, कुर्र. दळताना जातं घोगरं व्हावं तसा.

"कुरकुरतेय!" डार्ला खिडकीतून ओरडली.

"कुरकुरू दे!" व्हर्लिन ओरडला.

मग तो गव्हाकडे पाठ करून उभा राहिला. ऊन तिरपं झालं होतं. सिमेंटवर उष्मा थरथरत होता आणि त्या थरथरीत नारिंगी शंकू पाण्यात उभे असल्यासारखे दिसत होते. हिरवी गाडी दूर कुठेतरी निघाली. आधी ती फक्त एक हललेला रंग होती, मग आवाज झाली, मग पुन्हा रंग. डावीकडे गेली, उजवीकडे आली. व्हर्लिनला वाटलं, इतकी वर्षं खडीवर बसून आपण बघत होतो ती हीच गाडी. फक्त तिच्यात आपण असायचो. आत डार्ला आहे, हे कधी दिसलं नव्हतं.

गाडी वळणावर आली. नाक आत घातलं. एका क्षणी सगळं अगदी सावकाश झालं. त्याला डार्लाचा हात दिसला, तिची पुढे काढलेली हनुवटी दिसली. तिने पाय दिला. धूर नाही. गाडीचा मागचा भाग किंचित खाली बसला, दोन्ही चाकांनी एकदम जमीन धरली, आणि ती बाहेर फेकली गेली, गोफणीतून सुटावी तशी. मागे सिमेंटवर दोन पट्टे होते, एकमेकांना न भेटणारे, एकाच वळणात वळलेले. एक शंकू हलला, जरा विचार करून उभा राहिला.

व्हर्लिनला उचलायला काही नव्हतं. तरी तो धावत गेला आणि त्या शंकूला उगाच सरळ केलं.

आपल्या गटात डार्ला दुसरी आली. पहिला आला तो तिच्या निम्म्या वयाचा, चौपट किमतीच्या गाडीवाला, त्याने येऊन टोपी काढून विचारलं, "बाई, यात काय घातलंय तुम्ही?" डार्ला म्हणाली, "घातलं नाही, काढलं."

शंकू गोळा झाले. वाट नाहीशी झाली. गाड्यांवर ताडपत्र्या चढल्या. व्हर्लिन गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. किर्नीबद्दल विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि दुसरं काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"यॉर्क गावातलं दुकान उघडं असेल अजून," तो शेवटी म्हणाला. "जाऊन क्लेटनच्या दोन बाटल्या आणून टाकतो. देणं कशाला ठेवायचं?"

डार्ला केस झटकत होती. हेल्मेटने तिच्या कपाळावर लाल रेघ उमटली होती.

"आज नको," ती म्हणाली.

"का?"

"जूनच्या शर्यतीला देऊ."

व्हर्लिन बॉनेटपासून सरळ झाला. "जूनला गाडी..."

"मग काय, गाडी विकून क्लेटनला तेल मागायला किर्नीला पाठवू?"

"मी कुठेही जाणार नाही," क्लेटन खुर्चीची घडी घालत म्हणाला. "आणि विसरायचं नाही हं. साधं आणायचं. औषधवालं आणलंत तर घेणार नाही."

जून आला, जुलैही गेला. क्लेटन दर वेळी खुर्ची उघडायच्या आधी येऊन हात पुढे करतो. डार्ला डिकी उघडते आणि व्हर्लिनकडे बघते.

"तू आणणार होतास ना?"

"मला वाटलं, तू आणशील."

"मग मला विचारायचं!"

"हे आत्ता विचारतोय ना?"

क्लेटन मान हलवतो आणि आपल्या जागेवर जाऊन बसतो. त्याच्या दोन बाटल्या अजून द्यायच्याच आहेत.